हद्द ओळखावी कशी? : संगणक-जाळ्यातील पत्त्यांचे गणित

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, मान्यवरांचे संदेश, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी आणि गुणवंतांची नामावली असते, आणि ती असायलाच हवी. त्यांच्या सोबतीला एक गणिताचा लेख यावा, आणि तो इतिहासाच्या शिक्षकाने लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. कारण साधे आहे. आपले विद्यार्थी दहावी-बारावीनंतर आयटीआय, तंत्रनिकेतन, संगणकशास्त्राची पदवी किंवा नेटवर्किंगचे अभ्यासक्रम यांकडे वळत आहेत. तेथे लेखी परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीतही एक प्रश्न त्यांच्यापुढे हमखास येतो : ‘हा आयपी पत्ता घ्या. तो कोणत्या सबनेटमध्ये आहे, त्या सबनेटमधील वापरण्याजोगे पत्ते कोठून कोठपर्यंत आहेत आणि त्याचा ब्रॉडकास्ट पत्ता कोणता, ते सांगा.’

या प्रश्नाचे उत्तर बेरीज, वजाबाकी आणि पाढे यांच्या बळावर मिळते. तरीही तो अवघड समजला जातो, कारण त्याची उकल मराठीत क्वचितच वाचायला मिळते आणि इंग्रजीतून ती बहुधा पाठ करून घेतली जाते. पाठ केलेले ऐन मुलाखतीत विसरते. समजलेले सहसा विसरत नाही. म्हणून हा विषय मुळापासून, पालकांनाही कळेल अशा रीतीने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पिनकोडपासून प्रारंभ

आपल्या देवळाली प्रवरा गावाचा पिनकोड ४१३७१६ आहे. ही पद्धत भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार होते. सहा अंकांच्या या संख्येत एक क्रम दडलेला आहे. पहिला ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या विभागाचा. पहिले तीन अंक मिळून टपालाची छाननी करणारा जिल्हा कळतो, आणि शेवटचे तीन अंक त्या जिल्ह्यातील विशिष्ट टपाल कार्यालय दाखवतात. दिल्लीतील टपाल कर्मचाऱ्याला देवळाली प्रवरा कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने पहिले अंक वाचले आणि पत्र योग्य दिशेला टाकले की त्याचे काम झाले. शेवटचे अंक जवळच्या माणसाने वाचायचे.

संगणक-जाळ्यातील आयपी पत्ताही असाच दोन भागांचा असतो. पुढचा भाग जाळ्याचा आणि मागचा भाग त्या जाळ्यातील एकेका यंत्राचा. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. पिनकोडमध्ये कोणत्या अंकापाशी कोणता भाग संपतो हे कायमचे ठरलेले आहे. आयपी पत्त्यात ही हद्द दर वेळी वेगळ्या ठिकाणी असू शकते. पत्त्याकडे नुसते पाहून ती कळत नाही, ती स्वतंत्रपणे सांगावी लागते. सबनेटच्या गणितातील सारी अडचण आणि सारी गंमत या एका गोष्टीत आहे.

पत्त्याची घडण

आज सर्वत्र रूढ असलेल्या, चौथ्या आवृत्तीच्या आयपी पत्त्यात चार संख्या असतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.७७. यांतील प्रत्येक संख्या ० ते २५५ या दरम्यान असते. २५५च का? संगणक सर्व काही शून्य आणि एक या दोनच चिन्हांत लिहितो. अशा एका चिन्हाच्या जागेला बिट म्हणतात. पत्त्यातील प्रत्येक संख्येला आठ बिट दिलेले आहेत, म्हणून तिला ऑक्टेट असे नाव आहे. आठ जागांच्या किमती डावीकडून अशा : १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. या सर्वांची बेरीज २५५ होते. चार ऑक्टेट मिळून ३२ बिट झाले.

आता ७७ ही संख्या द्विमान पद्धतीत लिहू. ७७ म्हणजे ६४ + ८ + ४ + १. ज्या किमती वापरल्या त्यांच्या जागी एक आणि बाकीच्या जागी शून्य मांडले की ०१००११०१ मिळते. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला हे सहज जमते. या लेखात याहून कठीण गणित येणार नाही.

हद्द सांगणारा मास्क

पत्त्यातील किती बिट जाळ्याचे आणि किती यंत्राचे, हे सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत तिरप्या रेघेची : १९२.१६८.१०.७७/२६. याचा अर्थ, डावीकडचे २६ बिट जाळ्याचे आहेत आणि उरलेले ६ यंत्राचे. दुसरी रीत सबनेट मास्कची. जाळ्याच्या प्रत्येक बिटाच्या जागी एक आणि यंत्राच्या बिटाच्या जागी शून्य लिहून जी संख्या येते तो मास्क. २६ बिटांसाठी तो २५५.२५५.२५५.१९२ असा होतो, कारण शेवटच्या ऑक्टेटमध्ये पहिले दोनच बिट एक आहेत आणि १२८ + ६४ = १९२.

शेतकरी पालकांना हे सातबाऱ्याच्या भाषेत अधिक चटकन उमगेल. एका गट नंबराचे वाटप होऊन पोटहिस्से पडतात. जमीन तीच असते. मोजणी होते, हद्दीच्या खुणा रोवल्या जातात आणि प्रत्येक हिस्सा स्वतंत्र होतो. सबनेट हा जाळ्याचा पोटहिस्सा आणि मास्क ही त्याच्या हद्दीची खूण होय.

शेतात दोन हिश्शांच्या मध्ये बांध असतो. बांधाची जमीन असते, पण तीत कोणी पेरत नाही. प्रत्येक सबनेटमध्येही असे दोन पत्ते असतात, जे कोणत्याही यंत्राला देता येत नाहीत.

पहिला पत्ता सबनेटचा प्रारंभ दाखवतो. त्यात यंत्राचे सर्व बिट शून्य असतात. हा जाळ्याचा पत्ता, म्हणजे त्या समूहाचे नाव. राउटर आपल्या मार्गांच्या यादीत हेच नाव नोंदवतो.

शेवटच्या पत्त्यात यंत्राचे सर्व बिट एक असतात. हा ब्रॉडकास्ट पत्ता. त्यावर पाठवलेला संदेश त्या सबनेटमधील प्रत्येक यंत्राला पोहोचतो. जवळपास छपाईयंत्र आहे का, असे संगणकाला विचारायचे असेल, तर तो एकेकाला विचारत बसत नाही, साऱ्यांना एकदम हाक देतो. ही हाक साधारणपणे राउटरच्या पलीकडे जात नाही, आपल्या सबनेटपुरतीच राहते. हजार यंत्रे एकाच सबनेटमध्ये कोंबली तर एकाची हाक उरलेल्या नऊशे नव्याण्णवांना ऐकावी लागते आणि जाळे गोंगाटाने मंदावते. जाळ्याचे पोटहिस्से पाडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

या दोन पत्त्यांच्या मधले सगळे पत्ते वापरण्याजोगे. म्हणून सूत्र असे : यंत्राचे बिट जितके, तितक्या वेळा दोनाला दोनाने गुणत जाऊन येणारी संख्या, वजा २. सहा बिट असतील तर २ × २ × २ × २ × २ × २ = ६४, वजा २, म्हणजे ६२. नेहमी लागणारी मापे अशी :

/२४, मास्कचा शेवट ० : एकूण २५६, वापरण्याजोगे २५४
/२५, मास्कचा शेवट १२८ : एकूण १२८, वापरण्याजोगे १२६
/२६, मास्कचा शेवट १९२ : एकूण ६४, वापरण्याजोगे ६२
/२७, मास्कचा शेवट २२४ : एकूण ३२, वापरण्याजोगे ३०
/२८, मास्कचा शेवट २४० : एकूण १६, वापरण्याजोगे १४
/२९, मास्कचा शेवट २४८ : एकूण ८, वापरण्याजोगे ६
/३०, मास्कचा शेवट २५२ : एकूण ४, वापरण्याजोगे २

बांधाची उपमा येथेही लागू पडते. हिस्से जितके लहान, तितकी जमीन बांधांत अधिक जाते. २५६ पत्त्यांचे चार-चारांचे ६४ हिस्से केले, तर प्रत्येकी दोन पत्ते राखीव जाऊन निम्मे, म्हणजे १२८च पत्ते कामाला उरतात. यावर उपाय म्हणून २००० साली एक अपवाद मान्य करण्यात आला. दोनच राउटर एकमेकांना जोडायचे असतील तेथे /३१ वापरून दोन्ही पत्ते कामाला लावता येतात. दोघांच्याच संभाषणात ‘साऱ्यांना हाक’ देण्याची गरज उरत नाही.

तीन पायऱ्यांची रीत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पत्ता १९२.१६८.१०.७७/२६.

पहिली पायरी : खंडाचे माप काढा. २५६ मधून मास्कचा महत्त्वाचा ऑक्टेट वजा करा. २५६ − १९२ = ६४. सबनेट चौसष्ट-चौसष्टांचे आहेत.

दुसरी पायरी : शून्यापासून त्या मापाच्या पटी मांडा. ०, ६४, १२८, १९२. आपली संख्या ७७ ही ६४ आणि १२८ यांच्या मध्ये पडते. तिच्या लगतची लहान पट ६४, म्हणून जाळ्याचा पत्ता १९२.१६८.१०.६४.

तिसरी पायरी : पुढच्या पटीतून एक वजा करा. १२८ − १ = १२७, म्हणून ब्रॉडकास्ट पत्ता १९२.१६८.१०.१२७. या दोहोंच्या मधले, म्हणजे १९२.१६८.१०.६५ ते १९२.१६८.१०.१२६ हे ६२ पत्ते वापरण्याजोगे.

उत्तराचा ताळा द्विमान पद्धतीने पाहता येतो. ७७ म्हणजे ०१००११०१. यातील पहिले दोन बिट, ०१, जाळ्याचे. उरलेले सहा बिट शून्य केले तर ०१००००००, म्हणजे ६४. तेच सहा बिट एक केले तर ०१११११११ मिळते, म्हणजे १२७. दोन्ही रीतींनी उत्तर एकच आले.

हद्द शेवटच्या ऑक्टेटमध्ये नसेल तेव्हा विद्यार्थी गोंधळतात. उदाहरण घेऊ : १७२.१६.३५.१२३/२०. वीस बिट म्हणजे पहिले दोन ऑक्टेट पूर्ण आणि तिसऱ्यातील चार बिट. मास्क २५५.२५५.२४०.०. महत्त्वाचा ऑक्टेट तिसरा, खंडाचे माप २५६ − २४० = १६. तिसऱ्या ऑक्टेटच्या पटी ०, १६, ३२, ४८. आपल्याकडे ३५ आहे, म्हणून जाळ्याचा पत्ता १७२.१६.३२.०. पुढचे जाळे १७२.१६.४८.० पासून सुरू होते. त्याच्या लगत आधीचा पत्ता १७२.१६.४७.२५५, हाच ब्रॉडकास्ट. वापरण्याजोगे पत्ते १७२.१६.३२.१ ते १७२.१६.४७.२५४, एकूण ४०९६ − २ = ४०९४. रीत तीच राहिली, फक्त ती एक घर डावीकडे लावावी लागली.

निवासी शाळेचे जाळे आखताना

कागदावरचे हे गणित आपल्यासारख्या निवासी शाळेत कसे उतरते ते पाहू. समजा, संगणक कक्षात ५० संगणक, आवारात आणि वसतिगृहात २५ कॅमेरे, कार्यालय व शिक्षक कक्ष मिळून १२ यंत्रे आणि दोन इमारतींतील राउटर जोडणारी एक वाट, इतकी गरज आहे. हाताशी १९२.१६८.१०.०/२४ हा एकच गट आहे. सगळी यंत्रे त्यात एकत्र ठेवता येतील. मग तो वाटायचा कशाला?

वाटायचा, कारण परीक्षेचे गुण, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणि मुलामुलींच्या वसतिगृहाचे कॅमेरे हे सगळे कोणाही पाहुण्याच्या मोबाइलशेजारी एकाच हद्दीत असता कामा नयेत. सबनेट केल्याने आपोआप संरक्षण मिळते असे मात्र समजू नये. कोणत्या हिश्शातून कोणत्या हिश्शात जाता येईल, हा नियम राउटरवर स्वतंत्रपणे लिहावा लागतो. पण हद्दच आखलेली नसेल, तर नियम कोणत्या सीमेवर लावायचा? आपल्या मुलांची सुरक्षितता ज्यांच्या हाती आहे, त्यांनी म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञाला विचारलाच पाहिजे.

वाटप करताना सर्वांत मोठी गरज आधी भागवावी. ५० संगणकांना ६२ पत्त्यांचा /२६ हवा : जाळे १९२.१६८.१०.०, वापरण्याजोगे १ ते ६२, ब्रॉडकास्ट ६३. त्यानंतर २५ कॅमेऱ्यांना ३० पत्त्यांचा /२७ : जाळे ६४, वापरण्याजोगे ६५ ते ९४, ब्रॉडकास्ट ९५. कार्यालयाला १४ पत्त्यांचा /२८ : जाळे ९६, वापरण्याजोगे ९७ ते ११०, ब्रॉडकास्ट १११. राउटरच्या जोडणीला /३० : जाळे ११२, वापरण्याजोगे ११३ व ११४, ब्रॉडकास्ट ११५. यानंतर ११६ ते २५५ हे १४० पत्ते भविष्यासाठी शिल्लक राहतात. प्रत्येक हिश्शातील एक वापरण्याजोगा पत्ता राउटरला द्यावा लागतो, हे हिशेबात धरायला विसरू नये. कार्यालयाच्या १४ पत्त्यांतून राउटरचा एक गेला की १३ उरतात. आजच्या १२ यंत्रांना ते पुरतात, पण आणखी दोन यंत्रे येताच अपुरे पडतील. वाढीचा अंदाज आधीच असेल तर तेथे /२७ देणेच शहाणपणाचे.

मोठ्यापासून सुरुवात का? कारण खंड आपल्या मापाच्या पटीवरच सुरू होऊ शकतो. चौसष्टांचा खंड ०, ६४, १२८ किंवा १९२ येथेच बसतो, मध्ये कोठेही बसत नाही. कार्यालयाचा सोळांचा खंड आधी ० वर ठेवला असता, तर संगणक कक्षाला ६४ वर जावे लागले असते आणि मधली जागा तुकड्यांतच वापरावी लागली असती.

आता पालकभेटीचा रविवार घ्या. विद्यार्थ्यांचे आई-वडील, भावंडे, माजी विद्यार्थी मिळून तीनशे मोबाइल पाहुण्यांच्या वायफायला जोडले जाऊ शकतात. त्या वायफायला /२४ दिलेला असेल तर पत्ते २५४च, आणि त्यांतलाही एक राउटरचा. ते संपले की पुढच्या मोबाइलला पत्ता मिळत नाही. वायफायची खूण दिसते, पण काही उघडत नाही. लोक म्हणतात, ‘इंटरनेट बंद आहे.’ वस्तुतः इंटरनेट सुरू असते, पत्ते संपलेले असतात. अधिक वेगाचे महागडे कनेक्शन घेऊन हा दोष जात नाही. त्यावर उपाय मोठ्या सबनेटचा, म्हणजे १९२.१६८.४.०/२३ चा. मास्क २५५.२५५.२५४.०, खंडाचे माप तिसऱ्या ऑक्टेटमध्ये २, पल्ला ४.० पासून ५.२५५ पर्यंत, वापरण्याजोगे पत्ते ५१०.

या उदाहरणात एक फसवी जागा आहे. १९२.१६८.४.२५५ हा पत्ता येथे ब्रॉडकास्ट नाही आणि १९२.१६८.५.० हा जाळ्याचा पत्ता नाही. दोन्ही पल्ल्याच्या मध्यभागी येतात, म्हणून दोन्ही वापरण्याजोगे आहेत. उलट /२६ मध्ये १९२.१६८.१०.६३ हा अगदी साधा दिसणारा पत्ता ब्रॉडकास्ट ठरतो. पत्त्याच्या शेवटी काय दिसते यावरून त्याचा दर्जा ठरवू नये. हद्द कोठे आहे ते आधी पाहावे.

मास्क चुकीचा लिहिला तर काय घडते तेही पाहावे. वरच्या आखणीतील संगणक कक्षाच्या ५० क्रमांकाच्या यंत्रावर /२६ ऐवजी /२४ लिहिले, तर त्या यंत्राला ७० क्रमांकाचा कॅमेरा आपल्याच हद्दीतील शेजारी वाटतो. ते राउटरकडे न जाता त्याला थेट हाक मारते. ती हाक हद्दीपलीकडे पोहोचत नाही आणि उत्तर येत नाही. बाकीचे संगणक ठीक चालतात, म्हणून दोष लवकर सापडत नाही. अशा वेळी यंत्र बदलण्याआधी मास्क तपासावा.

वर्ग कसा मोडला

या गणितामागे एक इतिहास आहे, आणि तो आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखा आहे. आयपीची चौथी आवृत्ती १९८१ साली निश्चित झाली. तेव्हा पत्त्यांचे अ, ब, क असे वर्ग होते. पत्त्याची पहिली संख्या १ ते १२६ असेल तर तो अ वर्ग : एका जाळ्यात एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक यंत्रे. १२८ ते १९१ असेल तर ब वर्ग : ६५,५३४ यंत्रे. १९२ ते २२३ असेल तर क वर्ग : २५४ यंत्रे. म्हणजे पत्ता कोणत्या वर्गातला आणि त्याची हद्द कोठे, हे त्याच्या पहिल्या संख्येवरून, जणू जन्मतःच ठरे. गरज काय आहे हे कोणी विचारत नसे. तीनशे यंत्रे असलेल्या संस्थेला क वर्ग अपुरा पडे. तिने ब वर्ग घेतला की पासष्ट हजार पत्ते पडून राहत.

१९८५ साली जाळ्याचे अंतर्गत पोटहिस्से करण्याची, म्हणजे सबनेटची पद्धत प्रमाणित झाली. आणि १९९३ साली वर्गच रद्द झाले. नव्या पद्धतीचे नावच ‘वर्गविरहित’ असे आहे. तेव्हापासून हद्द पत्त्याच्या पहिल्या संख्येवरून ठरत नाही. ती तिरप्या रेघेनंतरच्या संख्येने, गरजेनुसार ठरते. जन्मावरून दर्जा ठरवणारी व्यवस्था अन्याय्य तर असतेच, शिवाय ती साधनसंपत्तीची उधळपट्टीही करते. इंटरनेटच्या अभियंत्यांना हा धडा बारा वर्षांत मिळाला आणि त्यांनी तो अमलातही आणला.

तोवर बरेच वाटप होऊन गेले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एकाच संस्थेकडे १८ या संख्येने सुरू होणारा संपूर्ण गट, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते होते. त्यांतील मोठा भाग तिने २०१७ पासून विकायला काढला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. आपण रांगेत उशिरा उभे राहिलो. ३२ बिटांचे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे जगाच्या लोकसंख्येहूनही कमी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाचा साठा अखेरच्या गटावर आला आणि त्यानंतर एका सदस्य संस्थेला त्या गटातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळतील असा नियम लागू झाला. भारतासाठी पत्तेवाटप पाहणारी राष्ट्रीय नोंदणी संस्था २०१२ पासून काम करीत आहे.

मग आपल्या शाळेला पत्ते मिळतात कसे? १९९६ साली काही गट खासगी वापरासाठी सर्वांना खुले करण्यात आले : १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणालाही न विचारता, विनामूल्य, आपल्या आवारात वापरता येतात. बाहेरच्या जगाशी बोलताना राउटर त्यांच्या जागी आपला सार्वजनिक पत्ता घालतो. म्हणूनच या लेखातील सारी उदाहरणे याच गटांतील आहेत. विद्यार्थी ती प्रत्यक्ष करून पाहू शकतात.

कायमचा उपाय म्हणून सहावी आवृत्ती आली. तिच्यात १२८ बिटांचे पत्ते असल्याने टंचाई उरलेली नाही. तिच्यात ब्रॉडकास्ट पत्ता नसतो, संदेश संबंधित यंत्रांच्या समूहालाच दिला जातो. हद्द मात्र तेथेही तिरप्या रेघेनेच सांगितली जाते, त्यामुळे आज शिकलेले वाया जाणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी सराव

१. १९२.१६८.१.२००/२७ चे जाळे, पल्ला आणि ब्रॉडकास्ट सांगा.
२. १०.०.५.१४/२२ साठी तेच सांगा.
३. १७२.१६.९.१५९/२८ हा पत्ता एखाद्या संगणकाला देता येईल का?

उत्तरे : पहिल्यात खंडाचे माप ३२. जाळे १९२.१६८.१.१९२, वापरण्याजोगे १९३ ते २२२, ब्रॉडकास्ट २२३. दुसऱ्यात तिसऱ्या ऑक्टेटमध्ये माप ४. जाळे १०.०.४.०, वापरण्याजोगे १०.०.४.१ ते १०.०.७.२५४, ब्रॉडकास्ट १०.०.७.२५५. तिसऱ्यात माप १६, खंड १४४ ते १५९. म्हणजे १५९ हा ब्रॉडकास्ट आहे आणि तो संगणकाला देता येणार नाही.

समारोप

जुन्या गावगाड्यात दोन गावांच्या शिवेचा तंटा निघाला की महार वतनदाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. शीव कोणत्या ओढ्यावरून, कोणत्या दगडापासून जाते हे त्याला ठाऊक असे. मर्तिकाचा सांगावा गावोगावी पोहोचवणेही त्याच्याकडे असे. हद्दीचे ज्ञान त्याचे, सर्वांना निरोप देण्याचे कष्ट त्याचे, आणि राहायची जागा मात्र गावकुसाबाहेर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते याच वेठीतून सुटका व्हावी म्हणून.

आज आपल्या विद्यार्थ्यांपुढे हद्दींचे एक नवे शास्त्र आहे. त्यात तारा ओढणारे आणि खोके बसवणारे हात लागतात, आणि हद्द कोठे असावी हे ठरवणारे मेंदूही लागतात. दोहोंमधले अंतर पुष्कळदा एवढ्याच गणिताचे असते. तारा ओढण्याचे काम कमी प्रतीचे नाही, पण आपली मुले तेवढ्यावर थांबू नयेत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एखादा रविवार संगणक कक्षात येऊन ही उदाहरणे फळ्यावर सोडवून दाखवावीत, एवढी विनंती. पालकांनी मुलाला आज रात्रीच वरचा पहिला प्रश्न घालावा. उत्तर येथे छापलेले आहेच. ते कसे आले, हे त्याने आपल्याला समजावून सांगावे.